संशोधन केंद्र म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे राहते. तिच्या चार वर्षांच्या मुलाची वाढ वयाच्या मानाने मागे असल्याने डॉक्टरांनी वाइसमन सेंटरचे नाव सुचवले आहे. ते संशोधन केंद्र आहे असे कळल्यापासून, नातवावर प्रयोग तर होणार नाहीत ना, ही धास्ती वाटते. (एक आजी, सातारा)

उत्तर : आपली धास्ती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या सरकारी निवासी संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यापासून बौद्धिक दिव्यांग मुलांना मुद्दाम काविळीची लागण करून अभ्यास झाला. पालकांच्या सह्या होत्या. परंतु एके काळी संस्थेतील इतर प्रवेश बंद असताना याच विभागात जागा मिळत होती, आणि अशा अडलेल्या अवस्थेत केलेल्या सहीला संमती कसे म्हणावे? अशा प्रकरणांनंतर १९७४ मध्ये संशोधनासंबंधीचा कायदा झाला, आणि आज अमेरिकेतील अशा संशोधन केंद्रांत नीतिसमितीच्या, म्हणजे अभ्यास नैतिक आहे की नाही हे तपासणाऱ्या समितीच्या, मंजुरीवाचून माणसांवरील अभ्यास सुरू होत नाही.

वाइसमन सेंटरचा उगम निराळा आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. त्यांनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी सही केलेल्या कायद्यातून अशा केंद्रांच्या इमारतींना निधी मिळाला. त्यांपैकी हे केंद्र १९७३ मध्ये उघडले. ज्यांचे नाव त्याला दिले आहे, ते हॅरी वाइसमन फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात विकाराचे अभ्यासक होते. या विकारात अन्नातील प्रथिनांतून येणारे फिनाइलअॅलनीन हे द्रव्य शरीरात पचत नाही, रक्तात साठते आणि मेंदूला इजा करते. रॉबर्ट गथ्री यांनी शोधलेल्या चाचणीत नवजात बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब टीपकागदावर घेत. कागदाची चकती जिवाणूंच्या थरावर ठेवली की भोवती उमटणाऱ्या वलयावरून विकाराचा सुगावा लागे. पहिल्या काही दिवसांतच पथ्याचा आहार सुरू केल्यास मेंदूची हानी टळते. संशोधनाने काय साधते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल. बहुतेक प्रश्न याहून पुष्कळ गुंतागुंतीचे असतात.

या केंद्रात तपासणीचे दवाखाने आणि बालवाडीही आहे. त्यामुळे नातवाला तपासणीसाठी बोलावले आहे की एखाद्या अभ्यासासाठी, हे मुलीने आधी विचारावे. अभ्यासासाठी असेल, तर त्याचा लाभ याच मुलाला होईल असे गृहीत धरू नये, आणि मध्येच बाहेर पडल्यास त्याच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, असे संमतिपत्रात लिहिले आहे की नाही, ते सही करण्यापूर्वी पाहावे.