एआय कॅमेरा कोणताही घ्या, पण रेकॉर्डिंग कुणाच्या ताब्यात राहणार ते आधी लिहून घ्या

नागपूर ते न्हावा शेवा ट्रेलर चालतात, डुलकी पकडणाऱ्या एआय कॅमेऱ्याची तीन कोटेशनं आलीत, त्यातलं कोणतं घ्यावं, आणि दोन ड्रायव्हर म्हणतात 'कॅमेरा लावला तर गाडी सोडतो', असं तुम्ही लिहिलंय. हे सगळं आमच्याकडे घडून गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

जीपीएस, फास्टॅग, स्पीड गव्हर्नर यांबद्दल सांगत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच. फक्त एआयएस 140 (एआयएस म्हणजे वाहनांच्या यंत्रणांसाठीची भारतीय मानकं) चं ट्रॅकिंग यंत्र वेगळं आणि हा कॅमेरा वेगळा, हे ध्यानात असू द्या. सेल्समन दोन्हीची सरमिसळ करून 'सरकारमान्य आहे' म्हणतात. डुलकीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेसाठी एआयएस 184 हे मानक आहे. त्यानुसार चाचणी झालीय का, अहवाल दाखवा, एवढं विचारा. बऱ्याच जणांची बोलती तिथेच बंद होते.

डोळे मिटणं, जांभई, मोबाइल, सिगारेट, पुढच्या गाडीचं अंतर, लेन सुटणं हे ओळखून इशारा देणं तिन्ही कोटेशनांत असणार. त्यात उन्नीस-बीस. खरा फरक करारात असतो, आणि तो भाग कुणी वाचायला देत नाही.

आमची एक गाडी पुणे-बेंगळुरू हायवेवर रात्री पावणेतीनच्या सुमारास चालली होती. उलट्या दिशेने एक मोटारसायकल आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, गाडी डावीकडे घेतली, तरी तो मुलगा वाचला नाही. त्याच्या घरच्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण मोठी गाडी म्हटली की चूक तिचीच धरतात, तसं गुन्ह्यात नाव आमच्या ड्रायव्हरचं लागलं. पुढचा कॅमेरा चालू होता. मोटारसायकल कुठून आली हे त्यात दिसणार, म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

कॅमेरा पुरवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट ऑफिसला त्याच सकाळी फोन केला, ईमेल टाकला. उत्तर आलं, 'डेटा क्लाउडवर सुरक्षित आहे, काळजी करू नका.' पोलिसांनी गाडी सोडली, आम्ही ती पुन्हा रस्त्यावर काढली. आठवडे गेले. रोज नवा माणूस, रोज तक्रारीचा नवा तिकीट नंबर, रोज तोच प्रश्न की गाडीचा नंबर काय. शेवटी कळलं की क्लाउडवर फक्त ब्रेक दाबल्याच्या क्षणाची काही सेकंदांची क्लिप जाते. आधीचं-नंतरचं सलग चित्रण गाडीतल्या मेमरी कार्डावरच असतं, आणि गाडी चालत राहिली की जुन्यावर नवं चढतं. म्हणजे 'सुरक्षित आहे' म्हणणाऱ्या ऑफिसला आपलं यंत्र काय साठवतं हेही ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. उलट दिशेने येणारा दिवा ज्या चित्रणात होता ते पुसलं गेलं.

जी क्लिप मिळाली तिच्यावर वेळ होती रात्री 9 वाजून 10 मिनिटं, आणि तारीख आदल्या दिवशीची. कारण सर्व्हर जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पंचनाम्यात 2 वाजून 40 मिनिटं. समोरच्या वकिलांनी सगळ्यात आधी हेच धरलं. त्यावर खुलाशाचं एक पत्र मागितलं, तर 'कंपनीच्या धोरणात बसत नाही.'

प्रमाणपत्राचंही तेच. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63(4) नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचे भाग अ आणि ब असे दोन भाग, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळायचा आकडा. त्या ऑफिसने सही केली नाही, हॅशही दिला नाही. आमचा ड्रायव्हर इतकी वर्षं स्वच्छ गाडी चालवणारा माणूस. त्याला तारखांना हजर राहावं लागतंय, आणि ज्यांच्याकडे आम्ही दर महिन्याला भाडं भरतो त्यांनी एक कागद दिला नाही. याचा राग अजून आहे.

(मी वकील नाही. प्रमाणपत्रात कुणी काय भरायचं हे तुमच्या वकिलांकडून पक्कं करून घ्या. आणि सगळे पुरवठादार असेच असतात असंही म्हणत नाही.)

म्हणून सही करण्यापूर्वी हे लेखी घ्या. सलग चित्रण किती दिवस राहतं, आणि अपघात झाल्यावर ते गोठवायची सोय कुणाच्या हातात आहे? माझ्या मते ती मालकाच्या हातात हवी, फोन न करता. मूळ फाइल हॅशसह किती तासांत मिळणार, प्रमाणपत्रावर सही कोण करणार, वेळ भारतीय दिसणार का, करार संपल्यावर डेटाचं काय? यावर 'बघू' असं उत्तर आलं तर स्वस्त असलं तरी ते कोटेशन बाजूला ठेवा.

आता ड्रायव्हरांचं. जानेवारी 2024 मधला संप आठवत असेल, भारतीय न्याय संहितेच्या 106(2) मधल्या, अपघातात माणूस दगावल्यावर न कळवता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्धचा. ते पोटकलम 1 जुलै 2024 ला बाकी संहितेसोबत लागू केलं नाही, पण भीती गेलेली नाही. त्या भीतीत केबिनमध्ये तोंडावर कॅमेरा आला की माणसाला वाटतं, हा आपल्याला अडकवायलाच आणलाय. त्यांना समोर बसवून सांगा की पुढचा कॅमेरा तुमचा साक्षीदार आहे, आणि त्यांच्या गाडीची क्लिप त्यांना मागता येईल हे लिहून द्या. अलर्टवरून भत्ता कापू नका, यावर मी ठाम आहे. कापाकापी सुरू झाली की कॅमेऱ्यावर टेप आलीच.

पहाटे अलर्ट वाजला तर पुढे काय, हेही ठरवा. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळा लागणं हा शरीराचा धर्म आहे. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ही गोष्ट 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेली होती. कंट्रोल रूममधल्या मुलाने 'थांबा, झोपा, मालाच्या पार्टीला मी कळवतो' म्हणायला हवं. तो जर 'सकाळी आठला गेटवर पाहिजे' म्हणणार असेल तर कॅमेऱ्यावर पैसे घालवू नका.

चाचणी तुमच्याच मार्गावर, रात्री घ्या. मफलर, चष्मा, दाढी असलेले ड्रायव्हर निवडा. गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात गाडी जात असेल तर बिनरिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली पुढचा कॅमेरा ओळखतो का ते मुद्दाम पाहा. पट्टे पुसलेल्या राज्य रस्त्यावर लेनचा अलर्ट उगीच वाजत राहतो, आणि सारखं वाजणारं यंत्र ड्रायव्हर ऐकेनासा होतो. त्याची संवेदनशीलता तुम्हाला कमी करता येते का ते विचारा.

एक गोष्ट चेहऱ्यावरच्या कॅमेऱ्याला दिसतच नाही, ती म्हणजे उतारावर गिअर न्यूट्रल करून गाडी सोडणं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा, नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका टँकरने 48 गाड्यांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला न्यूट्रल करण्याची सवय पकडायची तर इंजिनाचे फेरे आणि वेग हे गाडीच्या संगणकातून घेणारं यंत्र लागतं. तुमच्या गाड्या बोरघाट उतरत असतील, तर हे विचाराच.

फिटिंगला तुमचा वायरमन उभा ठेवा, 24 व्होल्टच्या लाइनवर स्वतंत्र फ्यूज घालायला लावा. उन्हात केबिन तापते, म्हणून आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) असलेलं यंत्र बरं.

तिन्ही कोटेशनांतला डेटाबद्दलचा मजकूर, नावं आणि दर झाकून, इथे टाकलात तर मी वाचून सांगतो.