शिडं आधी सुटी रंगव

भावा, टेबलावरच्या युद्धखेळाची छोटी मॉडेल जहाजं हातात आली म्हणून लगेच सगळी चिकटवून बसू नकोस. शिडं जोडली की डेकवर ब्रश पोचतच नाही. दोन्ही वेगळं रंगव, मग जोड. जोडाच्या जागचा रंग ब्लेडनं खरवडायला मात्र विसरू नकोस, नाहीतर सुपरग्लू नुसत्या रंगाला धरतो आणि शीड खेळताना निखळतं.

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारूच नकोस. दमट हवेत थर खरखरीत बसतो. पावसाळ्यात ब्रशनं लावायचा प्रायमर घे.

खरी मजा डेकमध्ये आहे. तपकिरी रंग दुधाइतका पातळ करून दोन थर दे. वाळला की गडद वॉश, म्हणजे अगदी पातळ गडद रंग, सोड, तो फळ्यांच्या फटीत आपोआप उतरतो. कुठं साचला तर ओलसर ब्रशनं लगेच टिपून घे, वाळल्यावर डागाची कड जात नाही. मग जुन्या ब्रशवर फिकट हस्तिदंती रंग घे, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाक आणि फळ्यांना आडवा हलकेच फिरव. एवढ्याशा डेकवर फळी न फळी उठून दिसते, बघच तू!

शीड पांढरंशुभ्र नको, मळकट पिवळसर कर. आणि सगळ्या ताफ्याला शिडावर एकच ठळक रंग ठेव. टेबलाच्या पलीकडून जहाज कुणाचं ते शिडावरूनच ओळखतात, बारीक नक्षी तिथून दिसत नाही.

खेळात एल्फांचा ताफा घेणार की ऑर्कांचा, तेवढं कळव. रंग मिळून ठरवू.