टीम हरतेय, मग दिलेल्या शब्दाचं काय?

मी समुपदेशक. ऑक्टोबर लागला की टेक्सासमधल्या मराठी घरांतून मला एकाच काळजीचे फोन येऊ लागतात. मुलगा अमुक कॉलेजच्या टीमला ‘कमिट’ झालाय, म्हणजे तुमच्याकडेच खेळायला येईन असा शब्द दिलाय, आणि ती टीम हरत सुटलीय. राहायचं की दुसरीकडे बघायचं? आपण राहिलो तरी ते ठेवतील का? टेनिस किंवा पोहण्यात हा प्रश्न सौम्य असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र घरादाराची झोप उडते. आपली काही मुलं आता तिथेही पोचलीत, सॉकरमध्ये पाय तयार झालेली, किकर म्हणून, म्हणजे चेंडू लाथेने मारणारा खेळाडू म्हणून.

अशाच एका किकरची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील एकात मिसळले आहेत.

बारावीतला मुलगा, आई, बाबा, तिघंही आले होते. बाबांच्या फोनवर तक्ता तयार होता: प्रत्येक शनिवारचा स्कोअर, आणि पुढे कोचच्या खुर्चीबद्दलच्या अफवा.

“ताई, एक जिंकले, पाच हरले. आणखी काय पुरावा हवा?”

“कशाचा पुरावा?”

“चुकीच्या ठिकाणी शब्द दिल्याचा.”

मुलगा बुटांच्या नाड्यांशी खेळत होता. आई म्हणाली, “नाशिकला सासूबाईसुद्धा रविवारी पहिलं हेच विचारतात, जिंकले का म्हणून.”

आधी व्यवहाराचं सांगून टाकते, कारण निम्मी भीती अर्धवट माहितीतून येते. तोंडी कमिटमेंट कोणालाच बांधत नाही, मुलालाही नाही आणि कॉलेजलाही नाही. आपल्याकडच्या हिशेबात हा साखरपुडासुद्धा नव्हे, नुसती पसंती कळवलेली असते. पूर्वी सह्या व्हायच्या त्या ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर. 1964 पासून चालत आलेली ती पद्धत 2024 मध्ये बंद झाली. आता शिष्यवृत्तीच्या करारावर सही होते, आणि ती झाली की इतर कॉलेजांनी त्या मुलाचा पिच्छा सोडायचा असतो. फुटबॉलमध्ये सह्यांचा पहिला मोठा दिवस डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी येतो. तोवर सगळं शब्दावर.

पुढच्या वेळी मुलाला एकट्यालाच बोलावलं.

“किती मॅच हरले तर सोडशील? आकडा सांग.”

“सहा.”

“म्हणजे पाचला राहायचं आणि सहाव्याला निघायचं?”

तो हसला. “नाही मावशी, तसं नाही.”

“मग कसं?”

बराच वेळ गेला. असा वेळ भरून काढायचा नसतो, एवढं मला इतक्या वर्षांत जमतं. मग तो म्हणाला, “मॅच संपली की बाबा टीव्ही बंद करतात आणि गॅरेजमध्ये जाऊन बसतात. जेवायला पण लवकर येत नाहीत. टीम हरली म्हणून मला काही होत नाही. बाबा गॅरेजमध्ये गेले की पोटात गोळा येतो.”

तक्त्यात नसलेली गोष्ट ही होती. मी विवेकनिष्ठ पठडीतली. घडलेल्या घटनेपेक्षा त्या घटनेवर माणूस मनात काय बोलतो, ते ऐकायची मला सवय. हा मुलगा स्कोअर वाचतच नव्हता, बाबांचा चेहरा वाचत होता, आणि मनात म्हणत होता, ‘मी निवडलेली टीम हरली म्हणजे मी बाबांना हरवलं.’ असं वाक्य डोक्यात असताना राहण्याचा किंवा सोडण्याचा कुठलाही निर्णय निर्णय नसतो. ती नुसती सुटका असते. मला अजून वाटतं की त्या दिवशी मी त्याला एकही सल्ला दिला नाही, हेच बरं झालं.

बाबांना हे मुलाच्याच तोंडून, माझ्यासमोर ऐकवलं. ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

“गणपतीत पेढे वाटले होते, ताई. मंडळात सांगितलं, स्कॉलरशिप मिळाली.”

“मिळाली होती?”

“वॉक-ऑन. जागा देतो म्हणाले, पहिल्या वर्षी पैसे नाहीत.” मग हळूच, “आता लोक टीमचा स्कोअर बघून माझ्याकडे बघतात.”

“लोक बघतात की तुम्हाला वाटतं?”

“दोन जणांनी विचारलं.”

“दोन म्हणजे मंडळ?”

आई खुदकन हसली, आणि मग बाबाही. टीम हरते हे दुःख खरं आहे, पण ‘टीम जिंकलीच पाहिजे, नाहीतर माझी शोभा’ हा हट्ट त्यांनी स्वतः जोडलेला होता. हट्ट बाजूला केला की उरते ती काळजी, आणि काळजीला प्रश्न विचारता येतात.

तर प्रश्न असा: हरण्याने मुलं खरंच गळतात का? गळतात, पण स्कोअरबोर्डवरून थेट नव्हे. फ्लोरिडा स्टेटचं उदाहरण घ्या. 2023 मध्ये ओळीने तेरा सामने जिंकलेली टीम, 2024 मध्ये दोन जिंकली आणि दहा हरली. शब्द दिलेली मुलं एकेक करून निघून गेली. मुख्य कोच माइक नॉर्वेल राहिले, पण नोव्हेंबरमध्ये आक्रमण आणि बचाव दोन्हीकडचे प्रमुख सहायक घरी गेले. पेन स्टेटचं तर ताजंच आहे. 2025 चा हंगाम सुरू झाला तेव्हा देशात दुसरा क्रमांक. मग ओरेगन, यूसीएलए, नॉर्थवेस्टर्न असे लागोपाठ तीन पराभव, आणि 12 ऑक्टोबरला मुख्य कोच जेम्स फ्रँकलिन यांची हकालपट्टी. ते व्हर्जिनिया टेकला गेले आणि पेन स्टेटला शब्द दिलेली बरीच मुलं त्यांच्यामागे तिकडे गेली. पेन स्टेटचा नवा कोच जाहीर होण्याआधीच सह्यांचा बुधवार उलटून गेला होता.

म्हणून मी पालकांना सांगते, पराभव बघू नका, पराभवाने कोणाची खुर्ची हलतेय ते बघा. मुलाला ज्याने शोधलं, जो दर आठवड्याला मेसेज करतो, तो माणूस कोण आहे? मुख्य कोच असेलच असं नाही, बहुतेक वेळा मुलगा ज्या जागी खेळतो त्या जागेचा सहायक कोच असतो. आणि तो गेला तरी मुलाला तिथे जावंसं वाटेल का, हे मुलाला विचारा.

किकरला मी कागद दिला. या कॉलेजला हो का म्हणालास, ते लिही. त्याने लिहिलं: मेकॅनिकल इंजिनिअरिंग, घरापासून गाडीने चार तास, सध्याचा किकर शेवटच्या वर्षाला, आणि स्पेशल टीम्सचे, म्हणजे किक मारायच्या वेळी उतरणाऱ्या तुकड्यांचे, कोच. पहिल्या तीन गोष्टींना विजय-पराजयाने धक्का लागत नव्हता. चौथ्यावर त्याने बोट ठेवलं. “हे गेले तर?”

“तर त्यांनाच विचार.”

“असं विचारतात?”

विचारतात. शांतपणे, आदराने, आणि बाबांनी नव्हे, मुलाने. त्याने फोन केला. कोच म्हणाले, माझं मलाच माहीत नाही. मुलाला हे उत्तर वाईट वाटलं, मला फार चांगलं वाटलं. गोड थाप मारणारा माणूस नव्हता तो.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. 2025 पासून फुटबॉलच्या टीमला जास्तीत जास्त 105 खेळाडूंची मर्यादा आली आहे, ‘हाउस’ खटल्याच्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांपुरती. पूर्वी वॉक-ऑन मुलं कडेकडेने सामावून जायची. आता जिंकणारी टीमसुद्धा ‘जागा नाही’ म्हणू शकते. त्यात ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, दोन-तीन वर्षं खेळलेला तयार किकर एका आठवड्यात आणता येतो. त्यामुळे आपण निष्ठा दाखवली की तेही दाखवतील, हे गृहीत धरू नका. इतर कॉलेजांचे प्रवेश-अर्ज थांबवू नका. आणि दुसरीकडे भेट द्यायला जाणार असाल तर आधी आपल्या कोचला सांगा. काही ठिकाणी अशी भेट म्हणजे शब्द मोडला असं धरतात, ती किंमत माहीत असू द्या.

किकरने कोचना सांगितलं आणि दुसऱ्या कॉलेजला भेट द्यायला गेला. कोच थोडे नाराज झाले. नोव्हेंबरच्या शेवटी त्या कॉलेजचा मुख्य कोच खरंच गेला, स्पेशल टीम्सचे कोचही गेले. नव्या मंडळींनी पंधरा दिवस फोनच केला नाही. पण तोवर मुलाच्या हातात दुसऱ्या, लहान कॉलेजचा प्रवेश होता, तिथेही मेकॅनिकल, घरापासून सहा तास. गर्दी कमी, टीम मध्यम. त्याने तिकडे हो म्हटलं. जुन्या कॉलेजचा फोन नंतर आला, त्याने आभार मानून नाही सांगितलं.

संक्रांतीच्या कार्यक्रमात बाबा भेटले. कोणीतरी त्यांना विचारलंच, “नवी टीम कशी आहे? जिंकते का?”

“यंदा सात की आठ... आठवत नाही हो,” ते म्हणाले, आणि मुलाकडे वळले. “त्यांच्याकडे आत्ता किती किकर आहेत, ते विचारलंस का रे?”