दातांच्या ऑपरेशनमध्ये माझा ससा गेला. मीच त्याला मारलं का?

आधी तुमच्या दुसऱ्या सशाचं, मिनीचं बघा. बाकीचं उत्तर रात्री वाचलंत तरी चालेल.

तुम्ही प्रश्नाच्या अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की तुमचा ससा कापूस गेल्यापासून मिनी सोफ्याखाली बसून आहे आणि कालपासून तिने कोथिंबिरीलाही तोंड लावलेलं नाही. सगळ्यात तातडीचं तेच आहे. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. वरून चारा यायचा थांबला की आतडी मंदावतात, गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखीच खात नाही. बारा तास खाणं नाही किंवा लेंड्या नाहीत, तर ती इमर्जन्सी समजायची. तुमचे बारा तास कधीच उलटून गेलेत, तेव्हा आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. घरच्या घरी सिरिंजने भरवायला लागू नका. आत कुठे अडथळा असेल तर भरवण्याने जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी पोट तपासलं, अडथळा नाही म्हणाले, की मग वेदनाशामक औषध, सलाइन आणि पातळ केलेला चारा. नेताना ती थंड पडणार नाही असं बघा, रिक्षात टॉवेलमध्ये गुंडाळून घ्या.

जोडीतला एक गेला की दुसरा खाणं सोडतो, हे सशांमध्ये नेहमीचं आहे. म्हणूनच जोडीदाराचा देह त्याला थोडा वेळ दाखवावा असं सांगतात. आमचा तात्या असाच दाढांच्या ऑपरेशनमध्ये गेला, तेव्हा मी त्याला नेरूळच्या घरी आणून गोदासमोर ठेवलं होतं. तिने हुंगलं, कपाळ चाटलं, नाकाने दोनदा ढोसलं, आणि मग त्याच्यावरून उडी मारून पाण्याच्या वाडग्याकडे गेली. मला राग आला होता तिचा, खोटं कशाला सांगू. पण संध्याकाळी ती जेवली. तुम्ही कापूसला क्लिनिकमधूनच निरोप दिलात, त्यामुळे तो मार्ग आता नाही. त्याचं अंथरूण मात्र एवढ्यात धुऊ नका, तिच्याजवळ राहू द्या. आणि तिला सोबत हवी म्हणून लगेच दुसरा ससा आणू नका. अनोळखी ससे एकमेकांना रक्तबंबाळ करतात, ओळख व्हायला कित्येक आठवडे जातात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. कापूस चार वर्षांचा, दाढा वाढलेल्या, घोडबंदर रोडवरच्या क्लिनिकमध्ये ऑपरेशन. आधी फोन आला की झालं सगळं, शुद्धीवर येतोय, आणि पाऊण तासाने दुसरा फोन. तुम्ही विचारताय: सकाळी त्याला खायला घातलं म्हणून गेला का, ऑपरेशन केलंच नसतं तर वाचला असता का, डॉक्टरांचं चुकलं का, आणि गाजरं दिली म्हणून हे सगळं झालं का.

खाण्याचं आधी, कारण 'खायला घातलंस म्हणून गेला' हे तुमच्या नणंदबाईंचं वाक्य तुम्हाला झोपू देत नाही असं दिसतंय. माणसाला, कुत्र्याला, मांजराला भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जायची भीती असते. सशाला उलटी होतच नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येत नाही. शिवाय रात्रभर उपाशी ठेवलं तरी त्याचं जठर रिकामं होत नाही, उलट आतडी थांबायचा धोका वाढतो. म्हणून सशाला ऑपरेशनच्या सकाळीही खाऊ देतात, फक्त भुलेच्या थोडं आधी तोंडात चारा उरलेला नाही ना हे बघतात. तुम्ही सकाळी घातलेल्या मेथीने कापूस गेलेला नाही. हे नणंदबाईंना वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

ऑपरेशन टाळता आलं असतं का? सशाला अठ्ठावीस दात असतात, पुढचे सहा आणि बाकी दाढा, आणि सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर वाढतात. दाढा एकमेकांवर नीट घासल्या गेल्या नाहीत की त्यांना टोकं येतात: खालच्यांची जिभेकडे, वरच्यांची गालाकडे. चावलं की ते टोक मांसात रुततं. तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे हनुवटी सतत ओली, गवताशी जाऊन परत फिरणं, केळं तेवढं खाणं, वजन उतरणं, ही सगळी त्याचीच. अशा सशाची भूक गेलेली नसते. तो भुकेला असतो आणि त्याला चावता येत नाही. पुढचे दात जागेपणी घासता येतात, पण दाढा इतक्या आत आणि तोंड इतकं अरुंद की भूल दिल्याशिवाय नीट काम होत नाही. (काही पेट शॉपवाले नेलकटरने पुढचे दात कापून देतात. दात उभा चिरतो, मुळाशी पू होतो. कोणी सुचवलं तर उठून या.) तेव्हा तुमच्यापुढे धडधाकट कापूस आणि ऑपरेशन असे दोन पर्याय नव्हतेच. एकीकडे धोक्याचं ऑपरेशन होतं, दुसरीकडे दुखऱ्या तोंडाने हळूहळू उपाशी मरणं. 'थांबला असतात तर' असं म्हणणाऱ्यांनी तो दुसरा प्रकार बघितलेला नसतो.

धोका किती होता, याला आकडा आहे. ब्रिटनमधल्या शंभराहून जास्त दवाखान्यांच्या नोंदींवरून एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ हजारांवर ससे होते. भूल किंवा गुंगी दिल्यावर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांमध्ये 0.17 टक्के, मांजरांमध्ये 0.24, सशांमध्ये 1.39. निरोगी सशांचा आकडा 0.73 होता आणि आजारी सशांचा 7.37. म्हणजे आजारी असताना भूल दिलेल्या साधारण चौदा सशांमागे एक. कापूस पंधरा दिवस धड जेवला नव्हता, वजन उतरलं होतं, तो या दुसऱ्या गटातलाच. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट तुमच्या त्या दुसऱ्या फोनशी जुळते: दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशननंतर, शुद्धीवर येण्याच्या काळात गेले.

का, तर कारणं बरीच आहेत. ससा श्वास नाकानेच घेतो. त्याच्या श्वासनलिकेत नळी घालणं अवघड, कारण स्वरयंत्र खोल आणि दिसत नाही, जरा धक्का लागला तर आवळून बसतं. त्यात दातांच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना काम करायचं ते नेमकं तोंडात, नळीला आणि मास्कला जागाच उरत नाही. छाती लहान, फुप्फुसं लहान, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या अनेक सशांच्या श्वसनमार्गात पाश्चुरेलाचे जंतू ठाण मांडून असतात. अंगही चटकन गार पडतं. भीतीने हृदयावर ताण येतो तो वेगळाच: ज्या प्राण्याला सगळेच खातात, त्याला टेबलावर उताणं धरणं म्हणजे त्याच्या लेखी शेवटच आला.

डॉक्टरांचं चुकलं का, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि जो कोणी इथून छातीठोक सांगेल त्याचं ऐकू नका. शवविच्छेदन झालेलं नाही, त्यामुळे नेमकं कारण आता कळणं कठीण. (हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणावर ही वेळ आली, तर देह फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि लगेच शवविच्छेदनाचं विचारा.) पण कागद मागता येतात. जा, भांडायला नको, केसपेपर मागायला. भुलेचं कोणतं औषध किती दिलं, त्या दिवशीचं वजन किती लिहिलंय, ऑक्सिजन होता का, शिरेत सुई लावली होती का, ऑपरेशन करणाऱ्याशिवाय श्वासावर आणि ठोक्यांवर दुसरं कोणी लक्ष ठेवून होतं का, शुद्धीवर येताना उबेची काय सोय होती. यांची सरळ उत्तरं मिळाली तर तुम्हालाच बरं वाटेल. उडवाउडवी झाली, किंवा त्या पाऊण तासात पिंजऱ्यापाशी कोणीच नव्हतं असं निघालं, तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. संमतीपत्रावर तुमची सही आहे म्हणून तो हक्क जात नाही. सही धोक्याला असते, हलगर्जीपणाला नसते.

माझ्यापुरतं सांगायचं तर तात्याच्या डॉक्टरांनी वही समोर उघडून ठेवली, स्वतःच्या हाताने लिहिलेले आकडे दाखवले, आणि गोदाला मी आजही त्यांच्याकडेच नेते.

गाजरांबद्दल मात्र तुम्हाला गोड वाटेल तेवढंच सांगणार नाही. दाढा झिजतात त्या गवताने. गवतात सिलिका (वाळूसारखं खरखरीत द्रव्य) असते आणि ते चघळताना जबडा आडवा फिरतो. गाजर, बिस्किटं, दुकानातल्या गोळ्या हे वरून खाली दाबून चिरडायचं खाणं, त्याने तशी झीज होत नाही. त्यामुळे गवत कमी पडलं असेल तर त्याचा हात यात असू शकतो. पण तेवढंच कारण असतं असंही नाही. बुटक्या आणि चपट्या तोंडाच्या सशांचे जबडेच मुळात जुळत नाहीत, भरपूर गवत खाऊनही त्यांच्या दाढा वाकड्या वाढतात, आणि फोटोत कापूसचं तोंड तसलंच दिसतंय. शिवाय क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा घराजवळच्या दुकानात ससा विकताना गवताचं नाव तरी कोण काढतं? गोळ्यांचं पाकीट हातात देतात आणि गाजर द्या म्हणतात.

मिनी सावरली की तिला टिमोथी गवत चोवीस तास समोर असू द्या. ऑनलाइन मिळतं, महाग पडतं. जोडीला देवळाबाहेरच्या फुलवालीकडून दूर्वा आणा, धुऊन द्या, ससे तुटून पडतात. आमची फुलवाली 'रोज एवढा गणपती?' म्हणून विचारायची, आता न मागता जुड्या बांधून ठेवते. लसूणघास (गुरांना घालतात तो चारा) मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार. दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. दाढांचं दुखणं तोंडात दिसण्याआधी वजनात दिसतं, आणि निरोगी असताना भूल देणं व आजारी पडल्यावर देणं यात किती फरक पडतो ते वर लिहिलंच आहे.

राहिलं ऑफिसचं. 'ससाच होता ना' म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावं, असं विचारलंत. मी काहीच दिलं नाही. सुट्टीच्या अर्जात 'घरी मृत्यू झाला आहे' एवढं लिहिलं, आणि साहेबांनी कोण म्हणून विचारलं तेव्हा मी 'तात्या' म्हणाले. त्यांनी मान डोलावून सही केली.