बारावीनंतर मसाज थेरपिस्ट व्हायचं आहे, तीन महिन्यांचा कोर्स पुरतो का?

तुम्ही लिहिलंय की स्पा ॲकॅडमीचा तीन महिन्यांचा कोर्स पाहून ठेवलाय, पण फी भरावी की नाही ते ठरत नाही, आणि घरच्यांनाही हे काम पसंत नाही. मी पुण्यात एका पंचकर्म केंद्रात बरीच वर्षं थेरपिस्ट आहे, नव्या मुलींना शिकवतेही. त्यामुळे माझ्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

महिने मोजण्याआधी एवढं विचारा: खऱ्या पेशंटवर हात किती चालवायला मिळेल, आणि तेव्हा शेजारी उभं राहून चुका दाखवणारं कोणी असेल का? आपल्याकडे या कामाला नर्ससारखी परिषदेची नोंदणी लागत नाही, त्यामुळे चार दिवसांत सर्टिफिकेट हातात ठेवणारेही भेटतात. न्यूयॉर्क राज्यात परवान्यासाठी १००० तासांचं शिक्षण लागतं, यावरून अंदाज घ्या. आयुर्वेदाकडे ओढा असेल तर केरळात चेरुतुरुत्तीला केंद्र सरकारची पंचकर्म संशोधन संस्था आहे, तिथला पंचकर्म तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. तीन महिन्यांत सुरुवात होते, नाही असं नाही. पण त्यानंतर निदान वर्षभर कोणाच्या तरी हाताखाली काम करायची तयारी ठेवा.

हात फिरवायची पद्धत त्या मानाने लवकर येते. अभ्यंगात, म्हणजे आयुर्वेदातल्या तेलाच्या मालिशमध्ये, हात अनुलोम, म्हणजे लव ज्या बाजूला झुकते त्या दिशेने जातो आणि सांध्यांवर गोल फिरतो. स्पामधल्या स्वीडिश मसाजमध्ये हाताचे लांब फेरे बहुतेक हृदयाच्या दिशेने नेतात. हे सरावाने बसतं. माझा शिकवण्याचा जास्त वेळ जातो तो मसाज कधी करायचा नाही यावर.

मागे एक काकू रात्रभर बसने प्रवास करून आल्या. म्हणाल्या, "पोटरीत गोळा आलाय, जरा जोरात दाबून दे." दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले तर डावी पोटरी उजवीपेक्षा जाड, हाताला गरम, थोडी लालसर. तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि वैद्यांना बोलावलं. त्यांनी लगेच डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला पाठवलं. अशा पायात खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. काकू नाराज झाल्या होत्या, पण तेव्हा त्यांच्या नाराजीकडे बघायचं नसतं. ताप, त्वचेचा संसर्ग, ताजं फ्रॅक्चर असलं तरी हात लावायचा नाही. रोज अभ्यंग करा म्हणणाऱ्या, आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनीही कफाचा त्रास, अजीर्ण आणि नुकतंच झालेलं शोधन (उलटी-जुलाब देऊन केलेली शरीरशुद्धी) यांत तो वर्ज्य सांगितलाय. ज्या कोर्समध्ये हे शिकवत नाहीत तिथे पैसे घालू नका.

स्वतःच्या शरीराचंही शिकावं लागतं. नवख्या मुली सगळा जोर अंगठ्याने लावतात आणि थोड्याच दिवसांत अंगठा, मनगट धरतं. जोर पायांतून यायला हवा: एक पाय पुढे, पाठ सरळ, आणि अंगाचा भार तळहातावर. टेबलाची उंची साधारण अशी, की हात खाली सोडून उभं राहिलं की मूठ टेबलाला टेकावी. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतात, फार खाली असेल तर कंबर जाते.

आता घरच्यांचं. घरात बाळंतीण असली की मालिशवाल्या बाईंना आपण आदराने बोलावतो, तालमीत पैलवानाची मालिश होते तेव्हा कोणी नाक मुरडत नाही. मुलीने तेच काम रीतसर शिकून केलं तर कमीपणा कसला, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यांची काळजी मात्र खरी आहे, तिचं उत्तर द्यायलाच हवं. चांगल्या पंचकर्म केंद्रात बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष थेरपिस्ट असतो, जेवढ्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा ठेवतात, आणि पेशंटने मर्यादा सोडली तर थेरपी तिथेच थांबवायची मुभा असते. फी भरण्याआधी, जिथे शिकायचं ठरवताय तिथे आईला घेऊन जा, एक पूर्ण अभ्यंग स्वतः पैसे देऊन करून घ्या, आणि टेबलावर घेण्याआधी त्यांनी तुमच्या तब्येतीचं काय काय विचारलं ते बघा. काहीच न विचारता तेल लावायला घेतलं, तर दुसरी जागा शोधा.