मांटा मासा संकटात आणि रायझोबियम, म्हणजे सोयाबीनसारख्या पिकांच्या मुळांवरच्या गाठीत राहणारा जिवाणू, मुबलक, असं का? दोघांची तुलना होऊ शकते का?

होते की, पण सगळा फरक वाढीच्या वेगात आहे. मांटा म्हणजे पाकटाच्या गटातला महाकाय मासा, पंख पसरले की ७ मीटरपर्यंत जातो. मादी वर्षभर गर्भ वाढवते, बहुतेक वेळा एकच पिल्लू देते, पुढचं पिल्लू कित्येकदा काही वर्षांनी. त्याच्या कल्ल्यांच्या चाळण्यांना परदेशात औषध म्हणून भाव मिळतो, शिवाय तो जाळ्यातही अडकतो. मेलेल्यांची जागा भरून निघणार कधी? २०२० पासून आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे.

सोयाबीनच्या गाठीतला हा रायझोबियम जिवाणू मात्र काही तासांत दुप्पट होतो. सांगली जिल्ह्यात पलूसला आमच्या रानात पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी झाड मातीसकट हलक्या हातानं उपटलं, पाण्यात मुळं धुतली आणि एक गाठ नखानं फोडली. आत गुलाबी-लाल! ती गाठ हवेतलं नत्र झाडाला देत होती. हिरवट किंवा करडी निघाली तर काम थांबलंय समजा.

तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आणि मांटाच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही त्याच घराण्यातलं प्रथिन. हे मला फार मोलाचं वाटतं. गाठीत ते प्राणवायू आवरून धरतं, कारण नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) प्राणवायूनं निकामी होतं.

जिवाणू मुबलक आहे म्हणून निष्काळजी राहू नका. बियाण्याला लावायच्या रायझोबियम संवर्धकाचं (जिवाणू खताचं) पाकीट उन्हात ठेवू नका, बियाण्याला चोळल्यावर ते सावलीतच सुकवा.