सुलेखनाचं पान कुणी बघत नाही, तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची आहे, अकरावी कॉमर्सला. बोरूने फार छान देवनागरी सुलेखन करते. सहा महिन्यांपूर्वी तिने इन्स्टाग्रामवर त्याचं पान उघडलं, पण घरचे आणि मैत्रिणी सोडल्या तर कुणी बघत नाही. ती नाउमेद झाली आहे. तिचे बाबा म्हणतात, हे बंद कर आणि अभ्यास कर. तिला पुढे डिझाइनला जायचंय. या पानाचा काही उपयोग होईल का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, सगळ्यात आधी पान प्रायव्हेट आहे का ते बघा. 18 वर्षांखालच्या मुलांची नवीन खाती इन्स्टाग्राम आता आपोआप प्रायव्हेट ठेवतं. तसं असेल, तर अनोळखी माणसाला तिचं काम दिसणारच नाही, मग ते कितीही चांगलं असो. सुलेखनाचं खातं वेगळं ठेवून ते पब्लिक करावं. मेसेजवरचे निर्बंध मात्र तसेच राहू द्या, आणि माहितीच्या जागी तुमचा ईमेल लिहा, फोन नंबर नको. व्हिडिओत कॉलेजचं ओळखपत्र किंवा खिडकीबाहेरची इमारत येत नाही ना, हेही बघत जा.

दुसरी अडचण बहुधा फोटोंची असेल. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पांढरा कागद राखाडी येतो, कारण चौकटीत बहुतेक पांढरंच असलं की मोबाइल उजेड कमी करतो. म्हणून दिवसा, ऊन थेट येत नाही अशा खिडकीशी कागद ठेवावा, घरातले दिवे बंद करावेत आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं वाढवावं. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा केला की सावली सौम्य होते. मोबाइल फार जवळ नेला तर शिरोरेषा कडेला वाकते. तो थोडा मागे घेऊन 2x झूमवर, कागदाला समांतर धरावा. शाई पूर्ण वाळल्याशिवाय फोटो काढू नये, ओली शाई चमकते आणि जाड रेघेत पांढरे डाग दिसतात.

फोटो 1080 × 1350 पिक्सेलचा ठेवावा. प्रोफाइलवर त्याच्या दोन्ही कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून अक्षरं कडेपासून निदान 100 पिक्सेल आत हवीत. अर्धवट कापलेली शिरोरेषा चांगल्या कामाचीही रया घालवते.

पूर्ण झालेल्या कामापेक्षा बोरू चालताना बघायला लोक जास्त थांबतात. 20 ते 30 सेकंदांचा व्हिडिओ पुरे. मुलगी उजव्या हाताने लिहीत असेल तर खिडकी डावीकडे हवी, नाहीतर हाताची सावली नेमकी अक्षरावर पडते. मजकुरात लिहिलेला शब्द किंवा ओळ देवनागरीत टाइप करायची, कारण चित्रातलं वळणदार अक्षर शोधयंत्राला वाचता येईलच असं नाही. शिवाय बोरूची रुंदी, शाई आणि कागद कोणता, हेही लिहावं; सुलेखन शिकणारे नेमकं हेच विचारतात. हॅशटॅग तीन-चार बास. खात्याचा पत्ता रोमन लिपीत असला तरी नावाच्या रकान्यात ‘देवनागरी सुलेखन’ घालता येतं, आणि शोधताना ते सापडतं.

ओळी निवडताना मात्र जपून. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो. तुकारामांचा अभंग किंवा 1905 साली वारलेल्या केशवसुतांची कविता खुशाल घ्या. कुसुमाग्रज 1999 साली गेले, त्यांच्या कवितेवरचा हक्क 2059 अखेरपर्यंत आहे. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी त्यांच्याच ओळींचा पूर येतो. पण त्या ओळींची पोस्टर परवानगीशिवाय विकायला काढली तर अडचण होऊ शकते.

आठवड्याला एकच काम टाकू दे, पण मालिका म्हणून: उदाहरणार्थ बारा आठवडे बारा जोडाक्षरं. सुरू करण्याआधी चार तयार ठेवावीत, म्हणजे चाचणी परीक्षेच्या आठवड्यात खंड पडत नाही. फॉलोअर मोजण्यापेक्षा किती जणांनी काम सेव्ह केलं, किती जणांनी पुढे पाठवलं हे बघावं. ‘पैसे द्या, तुमचं पान मोठं करतो’ असे मेसेज येतील, त्यांना उत्तरही देऊ नका.

लग्नपत्रिकेवरच्या नावांचं काम आलं, तर निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, दुरुस्त्या दोनच असं आधीच सांगावं आणि मोठी फाइल पूर्ण पैसे आल्यावरच द्यावी. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही. पिन मागणारा ग्राहक ठग समजा. हे व्यवहार तुम्हीच सांभाळा.

आता तिच्या बाबांच्या काळजीचं. ती रास्त आहे. आयआयटी मुंबईची यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेश परीक्षा, कॉमर्सच्या मुलांनाही देता येते, पण तिथे फॉलोअर कुणी विचारत नाही. एक भाग संगणकावर असतो, दुसऱ्यात कागदावर रेखाटन. ही परीक्षा फक्त दोनदा, तीही लागोपाठच्या वर्षी देता येते, म्हणून बारावीचा पहिला प्रयत्न गाफीलपणे घालवू नये. सुलेखनाने हात आणि नजर तयार होते, पण माणसं, वस्तू, रस्ते यांची रेखाटनं रोज वेगळी करावीच लागतील. पानासाठी आठवड्याला तीन तास ठरवून द्या आणि तिच्या बाबांनाही तसं सांगा. बारावीच्या डिसेंबरपासून परीक्षा संपेपर्यंत पान थांबवावं, तशी सूचना तिथे लिहून.

पुढे कुठे प्रवेशाला किंवा इंटर्नशिपला पोर्टफोलिओ मागितला, तर इन्स्टाग्रामवरून उतरवलेलं चित्र छापायला पुरत नाही. प्रत्येक कामाचा 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके) स्कॅन आजपासून तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगा, कच्च्या प्रयत्नांसकट. अक्षर कसं घडत गेलं, हे निवड करणाऱ्यांना त्यातूनच कळतं.